मडक्याला अंथरूण

झाकण उचललं आणि महानंदाने ते तसंच परत ठेवलं. मे महिन्यात दिवसभर कोमट राहिलेल्या कोंबडीचा वास एकदा नाकात शिरला की पुन्हा खात्री करून घ्यायची गरज उरत नाही.

मागच्या पडवीत ती उकिडवी बसली होती. केसांत युनिफॉर्मच्या कापडाचे निळे दोरे तसेच अडकलेले, खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवलेली नव्हती. समोर विजेवरचं ते भांडं. बाहेरून स्टीलचं, आतून चिनी मातीचं जाड मडकं. कारखान्यात शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या पद्माने दिलेलं. पद्माची बहीण बंगळूरला असते, तिच्याकडे ते नुसतं धूळ खात पडलं होतं. पद्मा म्हणाली होती, सकाळी सगळं आत टाकायचं, बटण दाबायचं आणि कामाला निघून जायचं. संध्याकाळी घरी आलीस की मांस हाडावरून आपोआप गळतंय. मध्ये बघायचंसुद्धा नाही.

सकाळी निघताना भांड्यावरचा बारीक लाल दिवा लागलेला महानंदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता तो विझलेला होता. आणि भिंतीवरचं बटण वर होतं, म्हणजे बंद.

"आप्पा," तिने आवाज चढू न देता विचारलं, "हे मागचं बटण कुणी बंद केलं?"

आतल्या खाटेवरून सासऱ्यांचा आवाज आला. "लाईट गेली हुती की सकाळी. मी समदी बटनं बंद केली."

"आणि लाईट आल्यावर?"

मायाप्पांनी खरंच न कळून विचारलं, "आल्यावर काय?"

महानंदाने डोळे मिटून घेतले. चूक कुणाची, ते तिला कळलं होतं. ती तिचीच होती.

मायाप्पांनी उमेदीची सगळी वर्षं चादरीच्या मिलमध्ये साचा, म्हणजे यंत्रमाग, चालवला. तिथला नियम असा, की लाईट गेली की प्रत्येकाने आपापल्या साच्याचं बटण आधी बंद करायचं. नाहीतर लाईट आल्यावर सगळे साचे एकदम सुरू होतात, धागे तुटतात, मोटर जळते. लाईट आली की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, रांगेने येणार आणि एकेक साचा चालू करणार. साचेवाल्याने बटणाला हात लावायचा नाही. मिल बंद पडून जमाना झाला, पण लाईट गेली की मायाप्पा अजूनही घरभर फिरून दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, सगळं बंद करतात आणि खाटेवर येऊन बसतात. लाईट आल्यावर ज्याला उकडेल त्याने पंखा लावायचा, जो पाणी प्यायला जाईल त्याने फ्रिज, असा या घराचा शिरस्ता होता. सासूबाई होत्या तोवर मागोमाग फिरून सगळं चालू करायचं काम त्यांचं. "जॉबरीन हाय मी या घरची," त्या म्हणायच्या.

सासूबाई माघात गेल्या. आणि महानंदाने ते भांडं पडवीत, पाण्याच्या पिंपामागे ठेवलं होतं. आप्पांना कशाला त्रास, असा विचार करून त्यांना एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

तिने मडकं उचललं, गल्लीच्या टोकाला जाऊन रिकामं केलं आणि चार पाण्यांनी धुतलं. तेवढ्यात मायाप्पा पडवीच्या दारात येऊन उभे राहिले होते. वास त्यांनाही आला होता. रात्री पिठलं-भाकरी झाली. त्यांनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि ताटाला नमस्कार करून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची कापडी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. खाटेवरचं अंथरूणही तिच्यात गेलेलं. खाट उघडी पडली होती.

"सिद्धम्माला फोन लावला हुता," ते म्हणाले. "ह्या रविवारी तिच्यात लगीन हाय. फुडच्या रविवारी येती न्यायला."

सिद्धम्मा म्हणजे त्यांची लेक, महानंदाची नणंद. वळसंगला दिलेली. घर खाऊनपिऊन सुखी, माणसं वाईट नाहीत. रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा महानंदाने त्याला सांगितलं. सिद्धाराम चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा घरी येणारा. तो म्हणाला, जाऊ दे की थोडे दिवस, तुलाही जरा सुटल्यासारखं होईल. ती हूं म्हणाली आणि लेकीकडे, श्रावणीकडे फोन दिला.

थोडे दिवस. महानंदाला ते थोडे दिवस दिसत होते. वळसंगला सगळी माणसं दिवसभर रानात. आप्पा परक्या अंगणात खाटेवर बसलेले, ताटात पडेल ते दुधात कुस्करून खाणारे, आणि कुणी विचारलं तर बरं हाय म्हणणारे. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. दिवसभर कॉलरीच शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, अंडी-मांस पोटात गेलं पाहिजे. पण दात चारच उरलेले. प्रेशर कुकरमधलं मांस त्यांना दोऱ्यासारखं लागायचं. ते काही बोलायचे नाहीत, फक्त तुकडे भाकरीखाली सरकवून ठेवायचे. सासूबाईंची गोष्ट वेगळी होती. त्या दुपारीच भुशाची शेगडी भरून पडवीत पेटवायच्या आणि गावरान कोंबडी दिवस मावळेपर्यंत तिच्यावर नुसती बसवून ठेवायच्या. पातेल्याशेजारी स्वतःही बसायच्या.

तसं बसायला महानंदाकडे दुपार नव्हती. शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन. जूनच्या आत राज्यभरातल्या पोरांच्या अंगावर कपडे चढायला हवेत, म्हणून सोलापुरातल्या मशीन मे महिन्यात थांबत नाहीत. तिला घरी यायला रोज साडेसात. आणि आप्पा गेले तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा वर्षांची श्रावणी दिवसभर कुणाजवळ? म्हणजे काम सोडायचं. यात आपला स्वार्थ किती आणि माया किती, हे तिने निवडत बसायचं टाळलं. चादरीतले उभे-आडवे धागे वेगळे करत गेलं तर हातात चादर राहत नाही.

तिने फक्त वार मोजले. या घरात सोमवार सिद्धरामेश्वराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार स्वामींचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार खंडोबाचा. कोंबडीला उरला बुधवार. सिद्धम्मा येण्याआधी तो एकच होता.

मंगळवारी संध्याकाळी ती आप्पांच्या खाटेपाशी जाऊन खाली बसली.

"आप्पा, उद्या त्या मडक्यात परत कोंबडी लावणार आहे."

"कशाला? माझ्यापायी नगं. दमून येती, पुन्ना चुलीम्होरं बसती. मला दूध-भाकर बास हाय."

"मी बसणारच नाही. तुम्ही बसायचं."

मायाप्पांनी मान वर केली.

"लाईट गेली तर बटण बंद करा, ते बरोबरच आहे तुमचं. पण आली की चालू पण तुम्हीच करायचं."

"चालू करनं जॉबरचं काम असतंय पोरी. मी साचेवाला."

"मग उद्याच्या दिवस तुम्ही जॉबर."

"रिटायर मानसाला कोन जॉबर करतंय," ते म्हणाले. पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे गेली आणि ते पुन्हा गंभीर झाले. "माझी बॅग भरल्याली हाय. रविवारी मी जानार."

"जावा की," महानंदा म्हणाली. "रविवार वन्संचा. बुधवार मला द्या."

त्यांनी बॅगेवरची नजर काढून घेतली. तिने तो होकार धरला.

पहाटे उजाडायच्या आत ती उठली. कोंबडी रात्रीच आणून हळद-मीठ लावून ठेवली होती, गावरान, दुकानदाराने "लई टणक निघंल, ताई" असं बजावून दिलेली. आत देव असल्याने सामिष स्वयंपाक या घरात पडवीतच होई. तिथल्या एका बर्नरच्या गॅसवर तिने कांदा सालीसकट भाजला, सुकं खोबरं खरपूस केलं, तीळ आणि खसखस परतली. पाट्यावर वाटायला वेळ नव्हता, मिक्सरचा आवाज मात्र गल्लीभर गेला. गेल्या वेळी तिने सगळं थंडच मडक्यात ओतलं होतं. या वेळी पातेल्यात आधी सणसणीत उकळी आणली, वाटीभर अळणी, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा, पोरीसाठी काढून फ्रिजमध्ये ठेवला, मग काळं तिखट घातलं. तर्री वर आली तसं ते सगळं मडक्यात ओतलं आणि झाकण लावलं.

पिंप सरकवून तिने भांडं पडवीच्या मधोमध ठेवलं. त्याच्याजवळ स्टूल ठेवलं. सासूबाईंचंच.

मायाप्पा चहाचा कप घेऊन आले, स्टुलावर बसले आणि बराच वेळ भांड्याकडे बघत राहिले.

"शिट्ट्या किती करायच्या?"

"शिट्टी नाही मारत हे."

"मग शिजलं हे कळायचं कसं?"

"नाही कळत. धीर धरायचा. हा लाल दिवा लागलेला असला की शिजतंय म्हणायचं. आणि झाकण उघडायचं नाही, वाफ जाते."

"मुकं हाय म्हना की," मायाप्पा म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

दुपारी जेवणाची सुट्टी संपली आणि मशीन पुन्हा सुरू झाल्या, तोच हॉलमधला सगळा आवाज एकदम थांबला. पंखे फिरत फिरत थांबले. थोड्या वेळाने कारखान्याचा जनरेटर घरघरला आणि सुया पुन्हा चालू लागल्या. महानंदाने कॉलर उलटवली, कोपरे काढले, पुढची घेतली. मनात हिशेब चालू होता. तासाभराने आली तर काही बिघडत नाही. मडकं जाड आहे.

पद्मा तिच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहते. तिच्या सासूचा फोन आला. दोघींत तेलुगूत काहीतरी बोलणं झालं आणि पद्माने फोन ठेवता ठेवता महानंदाकडे पाहिलं, तेव्हाच महानंदाला कळलं.

"आपल्याकडला डीपी जळलाय गं," पद्मा म्हणाली. "माणसं आल्यात, पन संध्याकाळ होईल म्हनतात."

महानंदाने घरी फोन लावला. वाजत राहिला. आप्पांचा फोन खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात असतो आणि आप्पा फोन वाजला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी असेल असं समजतात. तिने सुपरवायझरकडे जाऊन अर्धा दिवस मागितला. त्याने तिच्यापुढच्या गठ्ठ्यांकडे बोट केलं. माल न्यायची गाडी संध्याकाळी लागणार होती. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या मागेही कुणीतरी उभं होतं.

ती परत येऊन बसली. बाहेर पत्र्यावर ऊन कडकडत होतं. पद्माने विचारलं, आता काय करणार? महानंदाने दाताने दोरा तोडला.

"नासलं तर टाकणार. जाताना दुसरी कोंबडी घेणार आणि मी स्वतः त्याच्यापुढं बसणार. शिजेपर्यंत. आज आप्पांना जेवू घातल्याशिवाय झोपायचं नाही मला."

पद्मा हसली नाही. महानंदाच्या गठ्ठ्यातल्या थोड्या कॉलरी तिने न विचारता आपल्याकडे ओढून घेतल्या.

त्यामुळे महानंदा साडेसहालाच सुटली. बसमधून उतरून ती चिकनच्या दुकानासमोर थांबली. आत गिऱ्हाईक होतं. दोन पावलं आत टाकून ती परत फिरली. आधी बघायला हवं होतं.

गल्लीत दिवे लागलेले होते. लाईट कधी आली कुणास ठाऊक. घराचं दार उघडं. आत पाऊल टाकलं आणि तिची नजर खाली गेली. दाराशी आप्पांची बॅग होती, पण रिकामी. पोट आत गेलेली, एका बाजूला लवंडलेली. कपडे खाटेवर ढीग करून टाकलेले. अंथरूण कुठेच नव्हतं.

"मम्मी, हळू," श्रावणी आतून धावत आली, तोंडावर बोट ठेवून. "आजोबांनी मडक्याला झोपवलं होतं. अंथरूण घातलं त्याला. मला हातसुद्धा लावू दिला नाही."

महानंदा पडवीत गेली.

मायाप्पा स्टुलावर ताठ बसले होते. भांड्याचा लाल दिवा लागलेला होता. आणि स्टुलाशेजारी त्यांच्या तिन्ही चादरी होत्या. दोन रोजच्या, आणि तिसरी मिल बंद पडायच्या आठवड्यात त्यांनी स्वतः विणलेली, मरून फुलांची. ती ते कुणाला अंथरू देत नसत. त्या चादरीच्या कडेला तेलकट लाल डाग पसरला होता. पडवीभर खोबऱ्या-तिळाचा, काळ्या तिखटाचा वास होता. नासल्याचा नाही. महानंदाने दोनदा श्वास घेऊन खात्री केली.

"दुपारभर लाईट न्हवती," मायाप्पा म्हणाले. नजर दिव्यावरच. "बंद केलं. मग म्हटलं, उब गेली तर ह्याचा उपेग काय? अंगावर घेतली की मानसाची उब जात न्हाय, तर ह्याची कशी जाईल. खाली एक घातली, दोन भवतीनं गुंडाळल्या. झाकनातनं थोडा रस्सा आला वर." ते थांबले. "आन लाईट आल्याबरोबर चालू केलं. आधी पंखा न्हाय. आधी हे."

महानंदाने पदर खोचला आणि भाकरीचं पीठ काढलं.

तिघं पडवीतच जेवायला बसले. तिने झाकण उचललं तशी वाफ आढ्यापर्यंत गेली. डावाने तुकडा उचलायला गेली, तर हाड डावात आलं आणि मांस मडक्यातच राहिलं. श्रावणीला अळणी आणि भात. आप्पांच्या ताटात तिने ज्वारीची गरम भाकरी ठेवली आणि वर रस्सा ओतला. त्यांनी भाकरी चुरली, एक घास घेतला आणि चावायचं थांबवलं. चावायचं काही नव्हतंच. तोंडातल्या तोंडात ते विरघळत असावं.

"तुझ्या सासूचं असं न्हवतं," ते म्हणाले.

महानंदाचा हात परातीत थांबला.

"तिचं लई तिखट असायचं. मी कधी बोललो न्हाय." त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "वाढ अजून."

ताटातली दुसरी भाकरीही संपली. तुकडे भाकरीखाली सरकले नाहीत. शेवटी त्यांनी हाडं ताटाच्या कडेला रांगेने लावून ठेवली, स्वच्छ, पांढरी, आणि ताटाला नमस्कार केला.

भांडी गोळा करताना महानंदाने चादरी उचलल्या. अजून कोमट होत्या. साध्या दोन तिने झटकून खाटेवर अंथरल्या. मरून फुलांची चादर डाग आत ठेवून घडी घालायला घेतली, आणि बॅग कुठे आहे म्हणून मान वळवली.

"ती त्यात भरू नगं," मायाप्पा म्हणाले. "डाग पडलाय. धुवाय पायजे."

"उद्या धुते की सकाळी."

"उद्या तुला टाईम कुटं हाय. रविवारी धू. निवांत."

महानंदाने चादर छातीशी धरली. "रविवारी वन्सं येणार आहेत, आप्पा."

"येऊ दे की. येईल, जेवंल, जाईल." ते उठले. भिंतीला धरून बटणापाशी गेले आणि लाल दिवा बंद केला. मग पूर्वी साचा थांबवल्यावर ठेवत तसा त्यांनी गरम झाकणावर क्षणभर तळहात ठेवला. "वली चादर घिऊन मानूस कुटं जातंय?"

मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात चादर तासाभरात कडकडीत वाळते, हे तिला ठाऊक होतं. ज्याचा जन्म चादरीत गेला, त्याला तर होतंच.

"खरं आहे," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस लागतील वाळायला."

मग तिने रिकामी बॅग उचलली, उलटी करून झटकली, आणि भुशाच्या जुन्या शेगडीशेजारी माळ्यावर सरकवून दिली.